चांगल्यातला कॅन्सर

थोरल्या जाऊबाईंना गाठ सापडली ती स्वतःचंच माप घेताना. आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींतल्या बायकांचे ब्लाऊज त्या शिवायच्या. लालबागमध्ये कुणाच्या अंगाला काय बसतं आणि काय बसत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या दिवशी भाचीच्या लग्नासाठी स्वतःला नवा ब्लाऊज शिवायचा म्हणून त्या आरशासमोर टेप धरून उभ्या होत्या. मी ऑफिसला निघाले होते, चपला पायात होत्या.

"जरा इकडे ये गं," त्या म्हणाल्या. "इथे बघ काय लागतंय."

मी हात लावला. कडक लागलं. हलत नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, आज डॉक्टरकडे जाऊ."

"आज कसं? आज दोन ब्लाऊज द्यायचेत."

ते दोन ब्लाऊज देऊनच त्या माझ्याबरोबर आल्या. तोपर्यंत मी पतपेढीत फोन करून रजा टाकली होती. ती पहिली रजा. त्यानंतर इतक्या टाकल्या की साहेबांनी कारण विचारणंच सोडून दिलं.

मोठे भावजी गेल्यापासून जाऊबाई आमच्याबरोबर राहत होत्या. त्यांना मूल नव्हतं. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा सासऱ्यांच्या खोलीच्या बदल्यात वरच्या मजल्यावर घर मिळालं, त्यात मी, माझा नवरा, आमची मुलगी आणि त्या. शिवणयंत्र खिडकीशी. तिथून परळच्या कॅन्सर हॉस्पिटलची गच्ची दिसायची. लहानपणापासून आम्ही त्या हॉस्पिटलच्या फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेली माणसं पथाऱ्या टाकून बसलेली बघत आलो होतो. त्यांच्यातून वाट काढत बाजारात जायचो. त्यांच्याकडे बघायचं नाही अशी सवयच झाली होती. आता आम्ही त्यांच्याच रांगेत उभ्या राहिलो.

गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला. डॉक्टर चाळिशीच्या आतल्या होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "ब्रेस्ट कॅन्सर हे नाव एक आहे, पण आजार एक नाही. गाठीच्या पेशी कशावर वाढतात ते आम्ही बघतो. तुमच्या पेशी शरीरातल्या हार्मोनवर वाढतात. ऑपरेशन करू, किरणांचा शेक देऊ, आणि मग ते हार्मोन बंद करणारी गोळी काही वर्षं रोज घ्यायची. चांगल्यातला आहे."

"कॅन्सरमध्ये पण चांगला-वाईट असतो?" जाऊबाईंनी विचारलं.

"असतो."

घरी परतताना त्यांनी वाटेत भाजी घेतली, भाव केला, मेथीची जुडी परत ठेवली आणि दुसरी उचलली. लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण चांगल्यातला." संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की वहिनींना चांगल्यातला कॅन्सर झालाय. बायका येऊन गेल्या त्या जवळजवळ अभिनंदन करूनच गेल्या.

एक बाजू काढली. शेक झाला. त्यांची कातडी भाजल्यासारखी काळी पडली आणि महिन्याभराने निवली. त्या पुन्हा यंत्रावर बसल्या. स्वतःचा ब्लाऊज शिवताना रिकाम्या बाजूला आधी कापूस भरला, तर तो हलका पडून वर सरकायचा. मग छोट्या पिशवीत मोहरी भरली, वरून कापसाचा थर दिला, पिशवीला वजन आलं तशी ती जागेवर राहिली. हॉस्पिटलच्या बाकावर ओळख झालेल्या एका बाईलाही त्यांनी तशी पिशवी करून दिली, मग तिच्या ओळखीच्या दुसऱ्या बाईला. आमच्या घरात तेव्हा मोहरी फोडणीपेक्षा त्या पिशव्यांतच जास्त जायची.

मला वाटलं, झालं. एका घराला जेवढं यायचं होतं तेवढं येऊन गेलं.

माझी धाकटी बहीण गिरगावात दिलेली. शाळेत गणित शिकवायची. चाळिशीही ओलांडली नव्हती. दिवाळीत तिने मला फोनवर सांगितलं की काखेजवळ सुपारीएवढी गाठ आहे, आणि तिच्या डॉक्टरांनी महिनाभर बघू म्हटलंय. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली तेव्हा मी तिला आत नेऊन बघितलं. गाठ लिंबाएवढी झाली होती.

त्याच डॉक्टरांकडे गेलो, त्याच खोलीत. या वेळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली नाही, उठून दार लावलं.

"तीन गोष्टी आम्ही बघतो," त्या म्हणाल्या. "दोन हार्मोनच्या, आणि एक हर-टू नावाचं प्रथिन. तुमच्या गाठीत तिन्ही निगेटिव्ह आहेत."

"निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना?" बहिणीने विचारलं. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह यावेत म्हणूनच आपण देवाला नमस्कार करतो.

"इथे नाही. गोळीने जिथे पकडायचं ती जागाच या पेशींवर नाही. आणि या भराभर वाढतात. आधी केमो देऊ, मग ऑपरेशन."

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "म्हणजे माझा वाईटातला." तिच्या हातातली पिशवी मी घेतली.

केमोच्या आठवड्यात ती आमच्याकडे राहायची, कारण गिरगावाहून ये-जा करण्याची ताकद तिच्यात नसायची. तिचा नवरा आणि मुलगी रविवारी येऊन भेटून जायचे. घरात मग दोन्ही आजार एकत्र नांदायला लागले. मी सकाळी स्वयंपाक करून, तिला उलटीची गोळी देऊन दादरला पतपेढीत जायचे, संध्याकाळी येताना शहाळं आणायचे. दिवसभर तिच्याजवळ जाऊबाई असायच्या. त्या तिला पेज करून द्यायच्या, मिठाचा खडा टाकून. तिच्या तोंडात फोड आले तेव्हा पेज गार करून, गाळून द्यायच्या. तिचे केस उशीवर गळायचे, ते मी येण्याआधी गोळा करून टाकायच्या.

एकदा बहीण स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनींचं बरं आहे. एक गोळी घेतली की झालं." ती रागाने नाही म्हणाली, दमून म्हणाली. पण जाऊबाई मागेच होत्या, हातात ताट होतं. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी गोळी सगळ्यांसमोर घेणं बंद केलं. बाथरूममध्ये जाऊन घ्यायच्या.

अशा तरुण वयात, आणि हा असा प्रकार, म्हणून डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितली. त्याआधी एक समुपदेशक बाई घराण्याची माहिती विचारणार होत्या. त्या दिवशी बाबाही आमच्याबरोबर आले होते. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर एका इमारतीवर वॉचमन म्हणून राहिले, आणि आई गेल्यावर करी रोडच्या खोलीत एकटेच राहत होते. त्यांना घरी बसवत नव्हतं म्हणून आले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, टोकाला बसले.

समुपदेशक बाईंनी कोरा कागद घेतला. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. "आईच्या बाजूने कुणाला?" आम्ही आठवून आठवून सांगितलं. आईला साखर होती, ती हृदयाने गेली. मावश्या ऐंशीच्या पुढच्या, दोघी अजून चालत देवळात जातात. मामा ठणठणीत. कागदावर नुसते रिकामे गोल वाढत होते.

"आणि वडिलांच्या बाजूने?"

"तिकडे काही नाही," बहीण म्हणाली. "एक आत्या होती, ती तरुणपणीच गेली. गळू झालं होतं."

बाईंचं पेन थांबलं. "गळू कुठे झालं होतं?"

आम्ही दोघी बाबांकडे बघायला लागलो. आम्हाला माहीतच नव्हतं. आत्याचा फोटोही आमच्या घरात नव्हता.

"छातीर," बाबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "गावात लेप लावीत. मगे फुटला. वास येई म्हणान तिका पडवेत निजवीत."

"तेव्हा त्यांचं वय काय होतं?"

"लगीन होवन एक चेडू झाला होता. त्याच वर्षी. ती पोरगीय वाचूक नाय."

"आणि तुमची आई कशाने गेली, काका?"

"तिच्या पोटात पाणी भरला."

बाईंनी दोन गोल काळे केले. मग त्यांनी आम्हा दोघी बहिणींच्या नावाच्या गोलांपासून बाबांच्या चौकोनापर्यंत आणि तिथून वर त्या काळ्या गोलांपर्यंत बोट फिरवलं. अंगातल्या पेशींत रोज काही ना काही मोडतोड होत असते, ती दुरुस्त करणारी जनुकं असतात, त्यांतलं एखादं बिघडलेलं असेल तर ते आईकडून येतं तसंच वडिलांकडूनही येतं, असं त्यांनी सांगितलं. पुरुषाला स्वतःला बहुतेकदा काही होत नाही. तो पुढे देतो. प्रत्येक मुलाला ते जायची शक्यता छापा की काटा इतकीच.

"बाबा," मी म्हटलं, "हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"माका कोणी इचारूक नाय," बाबा म्हणाले.

ते खरंच होतं. आजवर ज्या ज्या डॉक्टरांनी विचारलं, आईबद्दलच विचारलं होतं. आम्हीही बाईचा आजार म्हणून बाईच्याच बाजूला शोधत बसलो होतो.

बहिणीच्या रक्तात तो बिघाड निघाला. बीआरसीए-वन. मग बाबांचं रक्त घेतलं, त्यांच्यातही तोच. तो रिपोर्ट सांगायला आम्ही दोघी करी रोडला गेलो. बहिणीने डोक्याला रुमाल बांधला होता. जिना चढताना ती दोनदा थांबली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचं आधण ठेवलेलं होतं ते उकळून उकळून अर्ध्यावर आलं, तरी त्यांनी गॅस बंद केला नाही. मीच उठून केला.

"मी तुमका काय एक देऊक नाय," ते म्हणाले. "खोली नाय, जमीन नाय. आणि दिलंय ता ह्या."

बहीण त्यांच्याजवळ खाटेवर बसली. "बाबा, गणित पण तुमच्याकडूनच आलंय मला," ती म्हणाली. ते खरं होतं. बाबा सातवी शिकलेले, पण सगळी आकडेमोड तोंडी करायचे, आणि तिला पाढे त्यांनीच शिकवले होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या रुमालावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग माझी पाळी. खरं सांगायचं तर मला तपासणी करायची नव्हती. भीती होतीच, पण भीतीपेक्षा कंटाळा जास्त होता. आणखी एक रिपोर्ट, आणखी एक रांग, आणखी एका टेबलासमोर बसून मान हलवणं. नवरा म्हणाला, "तू ठरव." मुलगी कॉलेजात होती, तीही म्हणाली, "आई, तू ठरव." माझ्यावर कुणीच जबरदस्ती केली नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. वाटायचं, एकाने तरी हाताला धरून न्यावं. शेवटी बहिणीनेच नेलं. तिची एक केमो राहिली होती, अंगात ताकद नव्हती, तरी ती रक्त घ्यायच्या खोलीबाहेर माझ्यासाठी बसून राहिली.

माझ्यातही निघाला.

"म्हणजे मला होणारच?" मी डॉक्टरांना विचारलं.

"होणारच असं नाही. पण इतरांपेक्षा शक्यता बरीच जास्त. तुमच्या हातात वेळ आहे, जो तुमच्या बहिणीला मिळाला नाही." मग त्यांनी पर्याय सांगितले. दोन्ही स्तन काढणं हा एक. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करत लक्ष ठेवणं हा दुसरा. आणि अंडाशय काढून टाकणं, ते मात्र लवकर करा म्हणाल्या, कारण तिथला कॅन्सर वेळेवर सापडत नाही. मला आजीच्या पोटातलं पाणी आठवलं.

त्याच सुमाराला बाबा मला म्हणाले, "वरळीक जावक होया." वरळीच्या बीडीडी चाळीत बाबांचा धाकटा भाऊ राहायचा. त्याला दोन मुली, दोघी नोकरीला, लग्नं व्हायची होती. छापा की काटा त्यांच्याही वाट्याला असू शकत होता.

मी बाबांबरोबर गेले. काकीने पोहे केले, काका टीव्ही बघत होते. बाबांनी टीव्ही बंद करायला सांगितला, तेव्हाच काकांना काहीतरी गडबड आहे हे कळलं. बाबांनी सगळं सांगितलं, आत्यापासून. ते जसजसं सांगत गेले तसतसे काका सरळ होऊन बसले. मुली गॅलरीत होत्या. मोठी दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली.

"पोरींची स्थळा बघतंय मी," काका म्हणाले. "आणि तू माझ्या घरात कॅन्सर घेवन इलंस?"

"मी घेवन इलंय नाय. तो आसा की नाय ता बघून घे, इतक्याच."

"आणि असलो तर? कोण करतला लगीन तेंच्याशी? चाळभर बोंब होतली."

"आमची भयण पडवेत मेली रे," बाबा म्हणाले. "तू ल्हान होतंस. तुका बघूक देवक नाय. मी बघलंय."

काकांनी टीव्ही पुन्हा लावला. काकीने पोह्यांच्या बशा तशाच उचलल्या. जिन्यात बाबा म्हणाले, "खावन घेवक होया होता." उतरताना त्यांचा हात कठड्यावर होता, आणि प्रत्येक पायरीवर ते तो घट्ट धरत होते. त्या वर्षी गणपतीला काकांनी आम्हाला बोलावलं नाही. बाबा न बोलावता गेले, मोदक खाऊन आले, आणि पुन्हा तोच विषय काढून आले. पुढच्या वर्षीही.

बहिणीचं ऑपरेशन झालं. तिने दोन्ही बाजू काढायच्या ठरवल्या. काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि मग हसल्या. केमोने सगळं साफ केलं होतं. जिवंत अशी एकही कॅन्सरची पेशी सापडली नव्हती. "हा प्रकार तापट आहे," त्या म्हणाल्या, "पण कधीकधी केमोपुढे असाच पूर्ण वितळतो. आता पहिली काही वर्षं सांभाळायची. ती गेली की परत यायची भीती खूप कमी होते."

जाऊबाईंनी इमारतीत पेढे वाटले. स्वतःच्या वेळी नव्हते वाटले. बहिणीसाठी त्यांनी दोन्ही बाजूंच्या पिशव्या केल्या, शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर गेला तरी हलणार नाहीत अशा आतून टाचलेल्या. बहीण जूनमध्ये शाळेत रुजू झाली.

मी अंडाशय काढून घेतले. त्यानंतर मला अंगातून वाफा यायला लागल्या. पतपेढीच्या काउंटरवर, पंख्याखाली, समोर खातेदार उभा आणि माझ्या मानेवरून घाम ओघळतोय. झोप तुटायची. दरवर्षी एमआरआयच्या बोगद्यात पालथी पडून ते ठोकल्याचे आवाज ऐकायचे, आणि मग रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसेतरी ढकलायचे. स्तन काढायचे की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. दरवर्षी वाटतं, या वर्षी ठरवू. दरवर्षी रिपोर्ट स्वच्छ येतो आणि माझ्याने ठरवणं होत नाही. मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला आत्ताच कळायला हवं का?" डॉक्टरांनीही अजून थोडी वर्षं घाई नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, "नाही. तुला वाटेल तेव्हा." हे वाक्य बोलायला मला फार श्रम पडले.

जाऊबाईंच्या गोळीची वर्षं संपली. डॉक्टरांनी गोळी बंद केली त्या दिवशी त्या घरी येऊन रिकामी डबी कचऱ्यात टाकून मोकळ्या झाल्या. त्यानंतर दीडएक वर्ष छान गेलं. मग त्यांची कंबर धरायला लागली. जन्मभर यंत्रावर वाकलेली बाई, कंबर दुखणारच, असं त्या स्वतःच म्हणायच्या. मलम चोळलं, शेकलं. पण एकदा यंत्राखाली पडलेली कात्री उचलायला त्या वाकल्या आणि त्यांना उठताच येईना. मी आणि नवऱ्याने धरून उठवलं.

स्कॅन झालं. कण्यात होता, खुब्यात होता. जुनाच, तिथून उठून इथे आलेला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरच होत्या. आता त्यांच्या केसांत पांढरं दिसत होतं. जाऊबाईंनी त्यांना विचारलं, "पण माझा तर चांगल्यातला होता ना?"

डॉक्टरांनी स्कॅनचा कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अजूनही आहे. म्हणूनच अजून औषधं आहेत आपल्याकडे. पण या प्रकाराची हीच खोड आहे. तो हळू असतो, आणि झोपून राहू शकतो. पाच वर्षं, दहा वर्षं. सगळ्यांचा उठत नाही. कुणाचा उठेल ते आम्हाला आधी कळत नाही."

"म्हणजे हिच्या बहिणीचा वाईटातला, तो गेला," जाऊबाई म्हणाल्या, "आणि माझा चांगल्यातला, तो राहिला."

"तसं झालं खरं," डॉक्टर म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येताना त्यांनी भाजी घेतली नाही. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तेव्हा म्हणाल्या, "कंबर धरलीय." एवढंच.

नव्या गोळ्यांवर त्यांना दोनेक वर्षं मिळाली, आणि त्यांतलं पहिलं खरोखर बरं गेलं. त्या थोडा वेळ बसून हातशिलाई करायच्या. मग शिवण सुटलं. बहीण शाळा सुटली की गिरगावाहून यायची, सुट्टीत तर मुक्कामाला. मी ऑफिसात असताना तीच त्यांच्याजवळ. पेज आता ती करायची. एका दुपारी मी लवकर घरी आले, तर दोघी खिडकीशी बसल्या होत्या, जाऊबाई उशांना टेकून.

"तुझ्यासमोर गोळी घ्यायला मला लाज वाटायची," त्या बहिणीला म्हणत होत्या. "तू एवढी ओकायचीस, आणि माझी आपली एक गोळी."

"मला माहीत होतं," बहीण म्हणाली. "बाथरूममधून डबीचा आवाज यायचा. मला वाटायचं येऊन सांगावं, घ्या हो बाहेर. पण तेव्हा बोलायलाही नको वाटायचं."

"आणि आता तुला लाज वाटते होय, माझ्यासमोर धडधाकट बसायला?"

बहीण रडायला लागली. जाऊबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुझं तुला मिळालं, माझं मला. वाटणी कुणी केली नाही गं. तू काय माझं घेतलं नाहीस." मी चपला न काढता दारातच उभी होते. आत जावं असं वाटलं नाही. कुणीतरी माझ्या मनातला दगड उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं होतं, आणि एकदम पाय दुखायला लागले. वर्षानुवर्षं उभी असल्यासारखे.

शेवटी यकृतात गेला. त्या घरीच गेल्या, दुपारी, बहिणीने तोंडात पाणी घातल्यावर थोड्या वेळाने. मी पतपेढीतून निघाले होते, पोचेपर्यंत झालं होतं. कपाटात शिवायला आलेले चार-पाच ब्लाऊजपीस तसेच घडी घालून होते, प्रत्येकावर बाईचं नाव टाचलेलं. ते परत करायला मी घरोघर गेले. एकीनेही आपला हात लगेच पुढे केला नाही.

त्यानंतर मला काही करावंसं वाटत नव्हतं. ऑफिस, घर, झोप. रांगेत उभं राहायला कुणी नाही, शहाळं आणायला कारण नाही, आणि त्या मोकळ्या वेळेचं काय करायचं ते कळेना. अशात एक दिवस वरळीच्या मोठ्या चुलतबहिणीचा फोन आला. तीच, जी त्या दिवशी चौकटीशी उभी होती. म्हणाली, "ताई, तुझा लंच टाइम किती वाजता असतो? मी दादरला येते. घरी सांगू नकोस हं."

स्टेशनच्या पश्चिमेला एका हॉटेलात आम्ही बसलो. तिने साबुदाणावडा मागवला आणि नुसता मोडत बसली. एवढ्या वर्षांनी आता तिचं लग्न ठरत होतं. मुलाला तिने आत्याची आणि माझ्या बहिणीची सगळी गोष्ट सांगितली होती. "तो म्हणाला, आधी तू बघून घे, मग आपण बघू. पळून नाही गेला गं." मग म्हणाली, "मोठे काका दर गणपतीत येऊन तेच तेच सांगतात. आमचे बाबा ऐकत नाहीत. पण मला ऐकू येतं ना."

मी तिला घेऊन गेले. तीच रक्ताची खोली, तशाच खुर्च्या. आतमध्ये वेगळी मुलगी होती. मी बाहेर बसले आणि मला जाणवलं की मला या इमारतीतली प्रत्येक खोली डोळे मिटून सापडेल. याचा मला अभिमान वाटला नाही. नुसता थकवा आला.

आमच्या घराण्यातला तो नेमका बिघाडच शोधायचा असल्याने रिपोर्टला फार दिवस लागले नाहीत. काकांनी तो तिला दिलेला नव्हता. म्हणजे काकांकडेच नव्हता की असून दिला गेला नाही, ते कळायला काकांचं रक्त लागलं असतं, आणि ते काही देणार नव्हते. पण ती मोकळी होती. तिने मला कॉरिडॉरमध्ये मिठी मारली आणि इतकी रडली की एका नर्सला वाटलं वाईट बातमी आहे, ती पाणी घेऊन आली.

"मोठ्या काकांना सांग," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं तर चालेल."

"आणि तुझी धाकटी?"

तिने डोळे पुसले. "ती नाही म्हणते. म्हणते, ताईचं नाही आलं म्हणजे माझं येईल. उगाच कशाला बघू."

"तसं नसतं. प्रत्येकीचं नाणं वेगळं."

"मी सांगितलं. ऐकत नाही."

मी तिथून सरळ करी रोडला गेले. बाबा खाटेवर पडले होते, हल्ली ते दुपारी पडतात. मी उशाशी बसून सांगितलं. त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लावलं.

"तिच्यात नाय?"

"नाही बाबा. नाहीच."

ते उठून बसले. तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण ते रडत आहेत असं वाटत नव्हतं, नुसतं येत होतं.

"आणि धाकटी?" मग त्यांनी विचारलं.

"ती येत नाही म्हणते."

"मगे माका जावक होया," ते म्हणाले, आणि खाटेखाली पायाने चपला चाचपायला लागले.

"आज नको बाबा. बाहेर ऊन आहे. रविवारी जाऊ, मी येते बरोबर."

"येशीत?"

"येईन."

त्यांनी पाय वर घेतले आणि पुन्हा आडवे झाले. मी त्यांच्यासाठी चहा टाकला, आणि तो होईपर्यंत भिंतीला टेकून जरा वेळ डोळे मिटून बसले.